शेजारची चिठ्ठी

अंजनेरीच्या पठारावर भाद्रपदात
कमरेएवढ्या दांड्यांवर पांढऱ्या छत्र्या उघडतात.
दिवाळीपर्यंत फळं धरतात, चपटी, कडेला पंख,
दोन अर्धी, पोटाला पोट लावलेली.
पिकली की सुटतात. तरी केसाएवढ्या दुभंगल्या काडीला
लोंबत राहतात काही दिवस.

गायधनी सर म्हणतात, फुलाला भुलायचं नाही.
या कुळात सगळ्यांची फुलं सारखीच:
शेपू, ओवा, गाजर, कोथिंबीर,
लांबून बघितलं तर एकाच लग्नाचं वऱ्हाड.
फळ काप.

मी कापते.
अर्धं ब्लेड, आधाराला गाजराचाच तुकडा,
(नात्यातलंच कुणीतरी धरायला हवं ना)
पंधरा काप वाया जातात,
सोळावा कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
सॅफ्रॅनिनचा एक थेंब.
पुस्तकाप्रमाणे तेलनळ्या सहा हव्यात,
चार पाठीकडे, दोन पोटाकडे.
मी बावीस मोजल्या.
पुन्हा मोजल्या. बावीस.

म्हणजे हे पंख वाऱ्याने शिकवलेले.
ज्या घरात हिला शंभर वर्षं बसवली
ते घर फक्त पंख बघून ठरलेलं.

सिलिका जेलमध्ये वाळवलेली पानं
कुरियरने हैदराबादला गेली.
जूनमध्ये मेल आला:
हरितलवकाची दीड लाख अक्षरं, गोल,
सुरुवात नाही, शेवट नाही, कुठूनही वाचा.
हरितलवक बहुधा आईकडून येतं.
बापाचं परागातच कुठेतरी राहून जातं.
ओळी शेजारी शेजारी लावल्या,
संगणकाने रात्रभर झाड काढलं,
आणि सकाळी ही फांदी पार पलीकडे,
बावीस नळ्यांच्या बायकांत.

गोल म्हणून अंगठी आठवली, असं नाही.
आठवली तांदळामुळे.
डब्यात भात होता त्या दिवशी.
सिन्नरला, सासरच्या ओटीवर,
ताटात आंबेमोहोर पसरून
अंगठीने लिहिलं: ऋतुजा.
टाळ्या झाल्या. फोटो निघाला.
मग जाऊबाईंनी तळहात फिरवून ताट सारखं केलं
आणि रात्री पंगतीला तोच भात.
जुनं नाव पुसायचा प्रश्नच नव्हता,
ते कुणी लिहिलंच नव्हतं.

वनस्पती संग्रहात मात्र कायदा वेगळा.
पिवळ्या कागदावर दाबलेलं जुनं रोप,
खाली झरणीने, गिचमिड: त्रिंबक, ऑक्टोबर,
आणि चुकीचं नाव.
सर म्हणाले, जुनी चिठ्ठी काढायची नाही.
खोडायचीही नाही.
शेजारी नवी चिकटवायची.
कोण कोण काय काय समजत होतं
ते सगळं दिसायला हवं.

संध्याकाळी पंचवटीत कोथिंबिरीचा लिलाव.
शेकडा जुडीला काय भाव, ओरडा चालू,
ओल्या गोणपाटांना बापुडवाण्या मुळांचा वास,
याच कुळाचा.
मी कोपऱ्यात उभी राहून आईला फोन लावते.
तुझं माहेरचं नाव काय गं, आडनाव नाही, नाव?
ती म्हणते, ऐकू येत नाहीये, कुठे आहेस?
मग म्हणते, रेशनकार्डावर नाही ते.
मग म्हणते, गोजरा.
आणि आजीचं?
बाबी म्हणायचे सगळे.
खरं कोणाला माहीत.
मागून हमाल ओरडतो, बाजूला व्हा ताई.

आज नवी चिठ्ठी लिहिली.
वंश, जात, तारीख, नाशिक जिल्हा.
निश्चिती, आणि पुढे टिंबं:
इथे माझं नाव.
मी एक लिहिलं.
त्याच्या शेजारी थोडी जागा सोडून
दुसरं.
सरांनी चष्मा वर केला, वाचलं,
म्हणाले, ओळ पुरत नाहीये.
मग स्वतःच डिंकाची बाटली उघडली.